आबादानच्या तेलाचा हिशेब

६ नोव्हेंबर १९१४ रोजी, शत-अल-अरब नदी इराणी आखाताला मिळते तिथे, फाओच्या चिखलट किनाऱ्यावर हिंदी फौज उतरली. ऑक्टोबरच्या मध्यात मुंबई बंदरातून निघालेली ही सोळावी ब्रिगेड सहाव्या पुणे डिव्हिजनची होती, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. घाटावरची आणि कोकणातली ही पोरे. तुर्कस्तान नुकताच महायुद्धात उतरला होता. फाओपासून नदीने वर गेले की आबादान बेट लागते. तिथे एका ब्रिटिश कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. तो कारखाना आणि त्याला तेल पुरवणारे नळ यांचे रक्षण हे या फौजेवर सोपवलेल्या कामांपैकी एक होते. पुढे बगदादच्या हव्यासापायी हीच पुणे डिव्हिजन कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने खंगून तिने शस्त्रे खाली ठेवली.

ज्या कारखान्यासाठी आपली माणसे इतक्या लांब नेली गेली, त्यातले तेल कोणाचे होते? कागदावर उत्तर सोपे होते: जमीन इराणची, मक्ता कंपनीचा. पण तेलाच्या धंद्यात मालकीच्या कागदापेक्षा जमाखर्चाची वही मोठी असते. किती तेल काढायचे, कोणाला विकायचे, काय भावाने, आणि नफा म्हणून किती आकडा दाखवायचा, हे ज्याच्या हाती तोच खरा धनी. १९०१ पासून १९७९ पर्यंतचा इराणच्या तेलाचा इतिहास मला तरी या वहीसाठी झालेल्या झगड्याचा इतिहास वाटतो.

मक्ता दिला गेला २८ मे १९०१ रोजी. मुझफ्फरुद्दीन शाहचा खजिना रिकामा होता आणि दरबार कर्जात बुडालेला होता. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत श्रीमंत झालेल्या विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रजाने वीस हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि वार्षिक निव्वळ नफ्यातले १६ टक्के देऊ केले. त्या बदल्यात त्याला साठ वर्षांसाठी जवळजवळ साडेबारा लाख चौरस किलोमीटर मुलखातले तेल मिळाले. रशियाला दुखवायला नको म्हणून उत्तरेचे पाच प्रांत तेवढे वगळले होते. डार्सीने स्वतः इराणमध्ये कधी पाऊल ठेवले नाही. आणि ‘निव्वळ नफा’ कशाला म्हणायचे हे करारात नीट बांधून घेतलेले नव्हते. ही एक ढिली गाठ इराणला पुढे पन्नास वर्षे भोवली.

प्रत्यक्ष तेल शोधले ते जॉर्ज रेनॉल्ड्सने. हा इंजिनिअर हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेला. सात वर्षे रखरखीत डोंगरांत विहिरी खणून हाती काही लागेना. डार्सीचे पैसे संपत आले, तेव्हा १९०५ मध्ये रंगूनच्या तेलावर मोठी झालेली बर्मा ऑइल ही स्कॉटिश कंपनी मदतीला आली. अखेर २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद-ए-सुलेमान इथे ११८० फुटांवर तेलाचे कारंजे उडाले. विहिरींच्या पहाऱ्याला तेव्हाही हिंदी सैन्यातले स्वार होते. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. आबादानची जागा तिने मोहम्मराच्या शेख खझलकडून घेतली आणि कारखान्यासाठी कुशल कामगार, कारकून आणि फिटर मुंबई, कराची आणि रंगूनहून आणले. रंगूनहून आलेल्या कामगारांनी बांधलेली मशीद आबादानमध्ये आजही त्यांच्या गावाच्या नावाने ओळखली जाते. डिसेंबर १९२० मध्ये या हिंदी कामगारांनी पगारासाठी संप केला. इराणच्या तेलातला हा पहिला मोठा संप. इराणी कामगार त्यात मागाहून सामील झाले.

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर आणायचे ठरले होते आणि त्यासाठी स्वस्त, हमखास तेल हवे होते. १९१४ मध्ये आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटकडून मंजुरी घेऊन बावीस लाख पौंडांत कंपनीचे बहुसंख्य भाग ब्रिटिश सरकारच्या नावे केले. इराणच्या तेलावर पहिली सरकारी मालकी आली ती इंग्लंडची. तेल काय भावाने द्यायचे याचा आरमाराशी झालेला करार गुप्त राहिला. आरमाराला तेल जितके स्वस्त, तितका कंपनीचा नफा कमी, आणि तितका इराणचा १६ टक्के वाटाही कमी. एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या तिजोरीतून घेतलेली ही सूट होती, आणि ज्याच्या तिजोरीतून ती जात होती त्याला तिचा आकडा माहीत नव्हता.

महायुद्धात टोळीवाल्यांनी नळ फोडले, तेव्हा कंपनीने नुकसान इराणच्या माथी मारून त्याचे पैसे अडकवून ठेवले. आपल्या उपकंपन्यांचा नफा हिशेबात धरायलाही ती तयार नव्हती. इराण सरकारच्या वतीने एका हिशेब तपासनीसाने वह्या पाहिल्यावर प्रकरण तडजोडीवर आले आणि १९२० च्या अखेरीस मागची बाकी म्हणून दहा लाख पौंड देण्याचे ठरले. एकदा वही उघडली तर दहा लाख निघाले, हे तेहरानमधल्या जाणत्या लोकांच्या लक्षात राहिले.

पुढे गादीवर आलेल्या रेझा शाहच्या काळात हे भांडण पुन्हा उफाळले. जागतिक मंदीत इराणचा वाटा १९३० मधल्या सुमारे तेरा लाख पौंडांवरून १९३१ मध्ये जेमतेम तीन लाखांवर आला. नोव्हेंबर १९३२ मध्ये शाहने मक्ता रद्द केला. प्रकरण राष्ट्रसंघात गेले आणि वाटाघाटींनंतर एप्रिल १९३३ मध्ये नवा करार झाला. क्षेत्र घटले आणि टनामागे चार शिलिंग रॉयल्टी ठरली. ठराविक रकमेवरच्या लाभांशातही पाचवा हिस्सा मिळू लागला. पण मोबदल्यात मक्त्याची मुदत १९६१ ऐवजी १९९३ पर्यंत लांबली. शाहच्या एका शब्दावर बत्तीस वर्षे विकली गेली. त्या करारावर सही करणारे अर्थमंत्री सय्यद हसन तकीझादे यांनी १९४९ च्या जानेवारीत भर मजलिसीत, म्हणजे इराणच्या संसदेत, उभे राहून सांगितले की मी केवळ हत्यार होतो, त्या दिवसांत नाही म्हणणे कोणालाच शक्य नव्हते. जबरदस्तीने झालेला करार बंधनकारक कसा, हा प्रश्न तिथून सगळ्यांच्या तोंडी आला.

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४१ मध्ये, ब्रिटन आणि रशियाने इराण व्यापला. आबादानवर पुन्हा हिंदी पलटणीच उतरल्या. रेझा शाहला गादी सोडावी लागली आणि त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा मोहम्मद रेझा हा शाह झाला. युद्ध संपले तेव्हा आबादानचा कारखाना जगातला सर्वांत मोठा होता. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बागबगीचे, पोहण्याचे तलाव आणि जिमखाना क्लब होते. कामगारांच्या वस्तीत उन्हाळ्यात पाण्यासाठी रांगा लागत. जुलै १९४६ मध्ये संप पेटला, दंगलीत माणसे मेली आणि ब्रिटनने हिंदुस्थानातून बसऱ्याला फौज हलवली. हिंदुस्थानचे स्वातंत्र्य तोवर वर्षभरावर आले होते.

आता वहीतले आकडे पाहू. १९४५ ते १९५० या काळात कंपनीने सुमारे २५ कोटी पौंड नफा दाखवला आणि इराणला रॉयल्टीपोटी सुमारे नऊ कोटी मिळाले. कंपनीकडून ब्रिटिश सरकारला करापोटी मिळालेली रक्कम इराणच्या वाट्याहून जास्त होती. त्यात आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. युद्धानंतर ब्रिटनने महागाई रोखण्यासाठी कंपन्यांना लाभांश आवरता ठेवायला सांगितले. ते धोरण इंग्लंडच्या जनतेसाठी होते. पण इराणचा हिस्सा लाभांशावर अवलंबून असल्याने लंडनमधल्या काटकसरीची किंमत तेहरानला मोजावी लागली. आपल्या तेलाचे उत्पन्न दुसऱ्या देशाच्या अर्थमंत्र्याच्या अंदाजपत्रकावर हलावे, ही स्थिती कोणत्या देशाने निमूटपणे सोसली असती?

सर विल्यम फ्रेझर हे कंपनीचे अध्यक्ष कमालीचे हट्टी. १९४९ मध्ये त्यांनी टनामागे चारऐवजी सहा शिलिंग देऊ केले. इराणी प्रतिनिधींना हवा होता हिशेब तपासण्याचा हक्क आणि वरच्या जागांवर इराणी माणसांची नेमणूक. त्याला कंपनी बधेना. एवढ्यात ३० डिसेंबर १९५० रोजी सौदी अरेबियात अमेरिकी आराम्को कंपनीने नफा निम्मानिम्मा वाटण्याचा करार केला. शेजारी अर्धे मिळत असताना सहा शिलिंगांचे कौतुक कोणाला राहणार? कंपनीने निम्म्याची भाषा सुरू केली तेव्हा वेळ टळून गेली होती. ७ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जनरल रझमारा यांची तेहरानच्या मशिदीत हत्या झाली. १५ मार्चला मजलिसीने आणि २० मार्चला सिनेटने तेलाचे राष्ट्रीयीकरण मंजूर केले. एप्रिलअखेर मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले आणि अंमलबजावणीचा नऊ कलमांचा कायदा पाठोपाठ आला.

या नऊ कलमांकडे इतिहासात पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यात पाच सिनेटर, पाच मजलिस सदस्य आणि अर्थमंत्री किंवा त्यांचा प्रतिनिधी अशी संयुक्त समिती नेमली होती. कंपनीचा कारभार ताब्यात घेणे, तिचे दावे तपासणे आणि हिशेब पाहणे हे काम या समितीकडे होते. नुकसानभरपाईसाठी निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम बँकेत बाजूला ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती. म्हणजे तेल शाहच्या नावे गेले नव्हते आणि एखाद्या मंत्र्याच्या मर्जीवरही सोडले नव्हते. ते लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या देखरेखीखाली आले होते. आशियातल्या एका गरीब देशाने इतक्या विचाराने बांधलेला कायदा म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

मोसादेक तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. जुन्या काजार राजघराण्याशी नाते, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाची कायद्याची डॉक्टरेट, रेझा शाहच्या हुकूमशाहीला केलेला विरोध आणि त्यापायी भोगलेली कैद ही त्यांची पुंजी होती. प्रकृती तोळामासा. लोखंडी पलंगावर पायजम्यात पडून ते परदेशी वकिलांशी बोलत आणि भाषणात भावना अनावर झाली की रडत. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्यांची मनसोक्त टिंगल केली. ती आज वाचताना राग येतो, कारण हा माणूस पैशाला हात न लावणारा, संसदेला मानणारा आणि कायद्याचे कलम आणि कलम जाणणारा होता.

जून १९५१ मध्ये तात्पुरत्या संचालक मंडळाने खुर्रमशहरच्या कंपनी कचेरीवर इराणचे निशाण चढवले. या मंडळात फ्रान्समध्ये शिकलेले इंजिनिअर आणि तेहरान विद्यापीठाचे प्राध्यापक मेहदी बाझरगान होते. पहिली चकमक झडली ती पावतीवरून. टँकरच्या कप्तानांनी भरलेल्या तेलाची पावती नव्या राष्ट्रीय कंपनीच्या नावे द्यावी, असे मंडळाने सांगितले. तशी सही केली तर तेल इराणचे आहे हे मान्य होणार होते. कप्तानांनी सही नाकारली आणि टँकर मोकळे परत गेले. टाक्या काठोकाठ भरल्या, आणि जुलैअखेर जगातला सर्वांत मोठा कारखाना थंड झाला. ब्रिटनने युद्धनौका आखातात आणल्या. फौज उतरवण्याची योजनाही तयार होती, पण अमेरिकेचा पाठिंबा नव्हता आणि हिंदी सैन्य आता हाताशी नव्हते. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी शेवटचे ब्रिटिश कर्मचारी आबादानच्या जिमखान्यासमोर जमले आणि ‘मॉरिशस’ या युद्धनौकेवर चढून बसऱ्याकडे गेले.

ब्रिटनने प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत नेले. भारत तेव्हा समितीचा सदस्य होता. ब्रिटिश ठरावाची धार कमी करणाऱ्या दुरुस्त्या भारताने युगोस्लाव्हियाच्या साथीने मांडल्या. मोसादेक स्वतः न्यूयॉर्कला जाऊन बोलले, आणि समितीने चर्चा पुढे ढकलली. २२ जुलै १९५२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही नऊ विरुद्ध पाच मतांनी हा वाद आपल्या कक्षेत येत नाही असा निकाल दिला. त्या नऊ मतांत ब्रिटिश न्यायाधीश सर अर्नोल्ड मॅकनेर यांचे मत होते. आपल्या देशाच्या विरुद्ध जाऊन त्यांनी ते दिले, हे आवर्जून सांगायला हवे.

न्यायालयात इराण जिंकला, पण बाजारात त्याची कोंडी झाली. तेल जमिनीतून काढून भागत नाही, ते ग्राहकाच्या दारात पोचावे लागते. अमेरिका आणि सोव्हिएत संघाबाहेरचा तेलाचा बाजार आणि टँकरांचा ताफा सात बड्या कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांनी इराणचे तेल घ्यायचे नाही असे ठरवले. इराणकडे स्वतःची एकही मोठी टँकर नव्हती. शिवाय जुनी अँग्लो-पर्शियन, जिचे नाव आता अँग्लो-इराणियन होते, ती कंपनी कुवेतच्या तेलात निम्म्याची मालक होती आणि इराकमध्येही तिचा हिस्सा होता. तिने तिथले उत्पादन वाढवले. आराम्कोनेही वाढवले. १९५० मध्ये रोज सुमारे ६ लाख ६० हजार पिंपे तेल काढणारा इराण १९५२ मध्ये वीस हजार पिंपांवर आला. तरी जगात तेलाचा तुटवडा पडला नाही. मोसादेक यांचा सगळ्यांत मोठा अंदाज इथेच चुकला. आपल्या तेलावाचून जग अडेल असे त्यांना वाटले होते.

जून १९५२ मध्ये ‘रोझ मेरी’ नावाचे छोटे जहाज इराणचे तेल घेऊन इटलीकडे निघाले, तर ब्रिटिश विमानांनी त्याला एडन बंदरात जायला भाग पाडले. तिथल्या न्यायालयाने तेल कंपनीचेच ठरवले. पण जपानमध्ये उलट घडले. इदेमित्सू साझो या उद्योजकाने आपली ‘निश्शो मारू’ ही टँकर गुपचूप आबादानला पाठवली. ती ९ मे १९५३ रोजी पेट्रोल-डिझेल घेऊन कावासाकीला पोचली, आणि टोकियोच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. स्वतः नुकत्याच परकीय ताब्यातून बाहेर पडलेल्या देशातला हा एक माणूस सात कंपन्यांना भ्याला नाही. असे आणखी दहा इदेमित्सू असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला मनापासून वाटते.

देशात मोसादेक यांनी ‘तेलाविना अर्थकारण’ सुरू केले. लोकांनी सरकारी कर्जरोखे घेतले, गालिचे, सुकामेवा, तांदूळ यांची निर्यात वाढली, चैनीची आयात थांबली. गरिबांनी सोसले, पण पुष्कळ दिवस तक्रार केली नाही.

या बंदीची झळ मुंबईलाही पोचली. आपल्याकडचे रॉकेल, पेट्रोल आणि डिझेल मोठ्या प्रमाणावर आबादानहूनच येत असे. आबादान थंडावल्यावर देशातच तेल शुद्ध करण्याची निकड वाढली, आणि १९५१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात भारत सरकारने स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्याशी ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांचे करार केले. १९५४ आणि १९५५ मध्ये त्या चालू झाल्या. यातली बर्मा-शेल म्हणजे रेनॉल्ड्सच्या विहिरीला पैसा पुरवणाऱ्या त्याच बर्मा ऑइलचे आणि शेलचे अपत्य. इराणचे उदाहरण ताजे असल्याने पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही अशी हमी कंपन्यांनी आपल्या सरकारकडून लिहून घेतली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेलचा कारभार सरकारने रीतसर मोबदला देऊन ताब्यात घेतला. माहुलची ती रिफायनरी आज भारत पेट्रोलियमची आहे.

समेट का झाला नाही? १९५२ च्या सुरुवातीला जागतिक बँकेने तिऱ्हाईत म्हणून उद्योग चालवायची तयारी दाखवली. बँक इराण सरकारच्या वतीने काम करते असे लिहा, असा मोसादेक यांचा आग्रह होता. बँकेला ते मान्य नव्हते, आणि ब्रिटिश तंत्रज्ञ परत आणायलाही इराण राजी नव्हता. इथे त्यांनी दोन पावले मागे घ्यायला हवी होती. तेल वाहू लागले असते, तिजोरीत पैसा आला असता आणि शत्रूच्या हातातले हत्यार बोथट झाले असते. तत्त्वाला धरून राहणाऱ्या माणसाला कधी थांबायचे हे कळणे अवघड जाते. पण मूळ अडवणूक त्यांची नव्हती. ब्रिटनला १९९३ पर्यंत मिळू शकला असता तो सगळा भावी नफा भरपाईत धरून हवा होता. मोसादेक यांचे म्हणणे होते की ब्रिटनने स्वतःच्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण करताना जो कायदा लावला, तो आम्हाला लावा. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनच्या कोळसा खाणी सरकारी झाल्या, तेव्हा मालकांना खाणींची किंमत मिळाली होती, त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या नफ्याची नव्हे. तुमचा जास्तीत जास्त दावा किती, तो आकडा तरी सांगा, असे त्यांनी शेवटच्या वाटाघाटींत विचारले. आकडा सांगितला गेला नाही.

पुढचे अनेकांना ठाऊक आहे. जुलै १९५२ मध्ये शाहने त्यांना संरक्षण खाते नाकारले, त्यांनी राजीनामा दिला आणि २१ जुलैला तेहरानच्या रस्त्यांवर रक्त सांडून लोकांनी त्यांना परत आणले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनशी संबंध तुटले. जुने साथीदार दुरावले. ऑगस्ट १९५३ मध्ये मोसादेक यांनी सार्वमत घेऊन मजलिस बरखास्त करण्याचे पाऊल उचलले. ज्या सभागृहाच्या जोरावर ते उभे होते तेच त्यांनी मोडले. ब्रिटिश आणि अमेरिकी गुप्तहेर खात्यांचा कट तोवर शिजला होता. १५ ऑगस्टच्या रात्री पहिला डाव फसला आणि शाह बगदादमार्गे रोमला पळाला. १९ ऑगस्टला भाडोत्री जमाव, फितवलेले अधिकारी आणि रणगाडे यांनी काम तडीस नेले. परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या. मोसादेक यांनी तीन वर्षे तुरुंगात आणि उरलेले आयुष्य इराणमधल्याच अहमदाबाद नावाच्या गावातल्या आपल्या घरी नजरकैदेत काढले. ५ मार्च १९६७ रोजी ते गेले तेव्हा सार्वजनिक अंत्ययात्रेलाही परवानगी मिळाली नाही. त्याच घराच्या एका खोलीत त्यांना पुरले. अमेरिकी गुप्तचर खात्याने या कटातला आपला हात कागदपत्रांतून उघड मान्य केला तो २०१३ मध्ये.

आता वहीकडे परत येऊ. १९५४ मध्ये इराणच्या तेलासाठी कंपन्यांचा संघ बसला. ब्रिटिश पेट्रोलियम असे नवे नाव घेतलेल्या जुन्या कंपनीला ४० टक्के, अमेरिकी कंपन्यांना मिळून ४० टक्के, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६ टक्के. राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला नाही. तेल, विहिरी आणि कारखाना इराणच्या राष्ट्रीय कंपनीच्या नावे राहिले आणि नफा निम्मानिम्मा ठरला. पण कारभार पाहणाऱ्या संघाच्या हिशेब-वह्या तपासण्याचा अधिकार इराणला मिळाला नाही. शिवाय दरवर्षी इराणमधून किती तेल काढायचे हे संघातल्या कंपन्या आपसातल्या एका वेगळ्या गुप्त करारानुसार ठरवत. तो करार जगापुढे आला १९७४ मध्ये, अमेरिकी सिनेटच्या चौकशीत. जमिनीचा सातबारा एकाच्या नावे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर, अशी ही व्यवस्था वीस वर्षे चालली.

सगळ्यांत मोठी हानी मात्र वेगळीच होती. १९५१ च्या कायद्याने तेलावर संसदेची देखरेख आणली होती. १९५३ नंतर राष्ट्रीय तेल कंपनी उरली, पण ती शाहला जबाबदार झाली. शाहने पुढे कंपन्यांशी घासाघीस केली, इटलीच्या एनरिको मत्तेईशी १९५७ मध्ये निम्म्याहून चांगला करार केला, ओपेक या तेल उत्पादक देशांच्या संघटनेच्या स्थापनेत इराणला आणले आणि १९७३ मध्ये संघाकडून कारभारही काढून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेहरानच्या बैठकीत तेलाचा भाव पिंपामागे ११.६५ डॉलर ठरला. मोसादेक यांना जे साधले नाही ते शाहने साधले, असे त्याचे समर्थक म्हणत. मला हे पटत नाही. कंपनीच्या हातातली वही शाहच्या हातात गेली, लोकांना ती तेव्हाही पाहता आली नाही. तेलाचा पैसा करासारखा लोकांकडून घ्यावा लागत नाही, म्हणून त्याचा जाब विचारणाऱ्या सभागृहाची राजाला गरज वाटत नाही. त्या पैशातून शस्त्रे आली, सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा पोसली गेली, आणि १९७५ मध्ये शाहने देशात एकच पक्ष ठेवला.

१९७८ च्या शरद ऋतूत, शाहविरुद्धच्या उठावात, खुझेस्तान या तेलप्रांतातल्या कामगारांनी संप पुकारला. सरकारने पगारवाढ देऊ केली, सैन्य पाठवले, धरपकड केली. डिसेंबरअखेर निर्यात पूर्ण थांबली आणि लोक रॉकेलसाठी थंडीत रांगा लावू लागले. तेव्हा पॅरिसजवळ असलेल्या, उठावाचे नेतृत्व करणाऱ्या खोमेनींनी देशाच्या घरगुती वापरापुरते तेल सुरू करायची विनंती घेऊन एक समिती तेलक्षेत्रात पाठवली. तिचे प्रमुख होते १९५१ मधल्या संचालक मंडळातले मेहदी बाझरगान. शाहच्या सेनापतींना जे करता आले नव्हते ते त्यांच्या शब्दावर झाले. कामगारांनी देशापुरते तेल सोडले आणि निर्यात बंदच ठेवली. १६ जानेवारी १९७९ रोजी शाहने इराण सोडला.